कटंगीच्या आजीची बस

पोरांनो, तुम्ही फोनवर पाठवलेला फोटो पाहिला. प्रदर्शनात काचेमागे कटंगीच्या आजीने काढलेला मोर, आणि शेजारी इंग्रजी पाटी, की ही कलाकार फक्त जंगल रंगवते. त्या पाटीचं इंग्रजी मीच तपासून दिलं होतं. म्हणून जे झालं ते क्रमाने लिहून ठेवते.

कटंगीची आजी म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा, माझा दीर, कटंगी-तुमसर बस चालवायचा. तो गेल्यावर ती ड्रॉइंगच्या कागदांवर चित्रं काढायला लागली. मागच्या वर्षी प्रदर्शनासाठी चित्रं निवडणाऱ्या एक बाई बंगळूरहून इथे बालाघाटला, आमच्या घरी आल्या. जाऊ सकाळीच सगळी चित्रं चादरीत गुंडाळून घेऊन आली. सगळ्यांत वर बसचं होतं.

"बाकीचे घेवो का न घेवो," ती मला म्हणाली, "हे तेवढं लागलं पाह्यजे. ह्यायची बस हाय."

बाई भल्या होत्या, जमिनीवर बसून एकेक चित्र पाहत होत्या. बस त्यांनी दोनदा उचलली आणि दोनदा बाजूला ठेवली. मला इंग्रजीत म्हणाल्या, लोकांना इथलं जंगल बघायचं असतं, मध्येच बस आली की ते गोंधळतात. मोर आणि हरणं त्यांनी निवडली.

"बस काहून नाही घेतली?" जाऊने विचारलं.

ऊन चढलं होतं, पानं वाढायची होती, आणि मला कोणाचंच मन मोडायचं नव्हतं. मी म्हटलं, "मोठं आहे गं. त्यांच्या फ्रेममध्ये मावत नाही."

तीन दिवसांनी मी पार्सल बांधत होते, तर जाऊ बसचं चित्र घेऊन दारात.

"घ्या जाऊबाई, कापलं कैचीनं. आता मावते ना?"

बस अख्खी होती. डावीकडची पट्टी गेली होती. त्या पट्टीत स्टँडवर जेवणाचा डबा घेऊन उभी असलेली ती स्वतः होती.

"मी काय, तशीबी कोपऱ्यातच होती," ती हसली.

मग मला खरं सांगावंच लागलं. ती सतरंजीवर बसली.

"मोर त म्या कॅलेंडरवरून काढला," ती म्हणाली. "बस रोज पाह्यली." आणि चित्राच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवत, "मंग मले कापाले काहून लावलं, बाई?"

मी चहा केला. तिने अर्धा घेतला. मोर पाठवा म्हणाली, "त्यायले जंगलच पाह्यचं हाय त पाहू द्या." आणि बस घेऊन चारच्या गाडीने परत गेली. मी पार्सल पाठवलं. महिनाभराने पाटीचा मजकूर आला, तोही तपासून दिला. 'फक्त' हा शब्द खोडायला तेव्हाही मला बळ नव्हतं.

ती पट्टी मी गोंदाने जोडून देते म्हटलं, तर "राहू द्या" म्हणते. तुम्ही तिला फोन कराल तेव्हा मोराचं कौतुक करू नका. बस कुठल्या रंगाची होती, ते विचारा.