नाक्यावरच उतरवा

इतकी वर्षे लोटली, शेकडो गुन्ह्यांचे कागद हाताखालून गेले, तरी मूठभर लोखंडी किसाने सुरू झालेले ते प्रकरण माझ्या मनातून जात नाही. पोलीस ठाण्याच्या दप्तरात त्याची नोंद जेमतेम चार ओळींची आहे. निवृत्त होऊन वर्ष होत आले. उरलेल्या ओळी आता लिहाव्यात असे वाटते.

ऐंशीच्या दशकाचा तो मध्य होता. गिरण्यांचा संप संपल्याचे कोणी जाहीर केले नव्हते, पण तो संपला होता, आणि गिरणीतली माणसे कामाच्या शोधात उपनगरांत येत होती. इथे येऊन पाहावे तर इथल्याही फाटकांना टाळी लागलेली. मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. नोकरीला दोनच वर्षे झाली होती. त्या दिवसांत आमच्याकडची सर्वांत लांब रांग तक्रारदारांची नसे, चारित्र्याच्या दाखल्यासाठी आलेल्यांची असे. कोणी औषधाच्या कारखान्यातून कमी केलेला, कोणी रबराच्या, कोणी रंगाच्या. मी मान खाली घालून सह्या करी. चेहरे पाहत नसे.

एका बुधवारी सकाळची हजेरी आटोपत असताना एक भंगारवाला आला. अधूनमधून तो आम्हाला खबर देई. त्याने टेबलावर वर्तमानपत्राची पुडी सोडली. आत लेथवर निघतो तसा लोखंडाचा कीस होता, वेटोळ्यावेटोळ्यांचा.

"साहेब, ह्याच्यावर गंज दिसतो का कुठे?"

"नाही."

"तेच तर ना! मागच्या गल्लीतली कंपनी बंद पडून दीड वर्ष झालं. आतला जुना माल असता तर लाल झाला असता. हा परवाचा आहे, झकास चकचकीत. उद्या भलतंच काही निघालं तर माझी वाट लागेल, म्हणून आधीच सांगतो."

बंद कंपनीत यंत्र चालते आहे! दोनच महिन्यांपूर्वी शेजारच्या हद्दीत गावठी कट्टे पकडले गेले होते आणि तिथल्या उपनिरीक्षकाचे छायाचित्र छापून आले होते. माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी क्षणात जुळल्या. 

साध्या वेशातला एक हवालदार कंपनीसमोरच्या पोळीभाजीच्या टपरीवर दोन दिवस बसवला. शुक्रवारी सकाळी तो धावतच आला.

"साहेब, आत पाचजण. शेजारच्या कंपनीतली प्रेस धडधडते तेवढा वेळच ह्यांचं मशीन चालतं. प्रेस थांबली की हेही गप. पक्के खिलाडी आहेत!"

आमच्या वरिष्ठ निरीक्षकांना मी घाईघाईने सारे सांगितले. ते म्हणाले, "जा. पण पंच बरोबर ने, आणि डोकं ठाण्यात विसरू नकोस."

दुपारी दोनच्या सुमारास आम्ही मागची भिंत ओलांडली. प्रेसच्या धडधडीत आमच्या बुटांचा आवाज बुडून गेला. आत लेथपाशी चाळिशीचा एक किरकोळ माणूस उभा होता, डोळे जवळजवळ मिटलेले, कान यंत्राकडे लावलेला. त्याच्या मागे पन्नाशीचा एकजण हात पाठीशी बांधून होता. बाकावर एकसारखे लोखंडी तुकडे ओळीने मांडलेले, एकतीस. प्रत्येक वीतभर लांब, पायऱ्यापायऱ्यांनी बारीक होत गेलेला, टोकाला आटे पाडलेले, आणि प्रत्येकावर खडूने क्रमांक घातलेला.

"हात वर!" मी ओरडलो.

बाकीच्यांनी हात वर केले. लेथवरच्या माणसाने आधी पाते मागे घेतले, मग यंत्र बंद केले आणि मग हात वर केले. पन्नाशीचा गृहस्थ त्या गडबडीतही पुटपुटला, "शाब्बास."

हा मला माझाच उपहास वाटला. पंचनामा केला, एकतीस तुकडे मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतले आणि पाचही जणांना ठाण्यात आणले. अटक दाखवली नाही. स्टेशन डायरीत 'चौकशीकामी आणले' एवढेच लिहिले. ही सोय आम्ही फार वापरत असू. आज ती लिहिताना लाज वाटते.

चौकशीत पहिल्या पाच मिनिटांतच सारे कळले होते. मी ते ऐकले नाही. पन्नाशीचा गृहस्थ त्याच बंद कंपनीत लेथ चालवणारा टर्नर होता. लेथवरचा माणूस मूळचा मालवणकडचा, परळच्या गिरणीतला विणकर. उरलेल्या तिघांतला एक औषधांच्या कारखान्यातला, एक रबराच्या, एक काचेच्या.

"काय बनवत होता?" मी विणकराला विचारले.

"काय नाय साहेब, शिकत होतो. मास्तर शिकवतात. तुकडे माझेच, ह्यांची पाळी माझ्यानंतर." त्याने टर्नरकडे बोट केले.

"वय काय तुझं?"

"एक्केचाळीस."

"एक्केचाळिसाव्या वर्षी शाळा? आणि ती मला सांगतोस?"

हवालदार हसला. "साहेब, पाटी-दप्तर जप्त करायचं राहिलं बघा."

"टाळं कोणी उघडलं?"

यावर मात्र पाचही जण गप्प झाले. ते मौनच मला पुरावा वाटले. माझ्या थोड्याफार अनुभवातून मला एक गोष्ट ठाऊक होती: खोटे बोलणारा दर वेळी नवा तपशील जोडतो, खरे बोलणारा तेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगतो. विणकर तासभर तेच वाक्य सांगत होता. मी विचारले, "बंदुका कोणासाठी?" तो म्हणाला, "शिकत होतो." मी त्याच्या उजव्या कानाखाली मारली.

माझ्यापेक्षा तेरा-चौदा वर्षांनी मोठा माणूस. त्याने गाल चोळला नाही. खिशातून दुधाच्या पिशवीत जपून गुंडाळलेले एक कार्ड काढून माझ्यापुढे ठेवले. मुलुंडच्या एका इंजिनिअरिंग कंपनीने त्याला दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी आठ वाजता लेथवर हात दाखवायला बोलावले होते. इतका वेळ तो मुंबईची मराठी बोलत होता. आता ती सुटली.

"साहेबानू, माका सकाळी मुलुंडाक जावक होया. गिरणीवालो म्हटल्यार फाटकावरसूनच परत लावतत. ह्या एक बोलावणा इला दोन वर्षांनी. माझो भाव हयसर बसतलो माझ्याबदली. मी परत येतंय."

"आधी टाळ्याचं सांग," मी म्हणालो आणि कार्ड मुद्देमालात टाकले.

संध्याकाळी वरिष्ठांनी एक तुकडा उचलून उजेडात धरला. "अरे, गोळी सुटणार कुठून ह्यातून? हा तर भरीव आहे."

"नंतर पोखरत असतील, सर."

"तुझं डोकं पोखरलंय. सकाळी कोणा जाणत्याला दाखव, मग केस लिही. घाई केलीस तर पेपरात नाव येईल, पण कशासाठी ते बघ."

सकाळी सहाला मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत लेथ शिकवणाऱ्या एका निदेशकांच्या घरी तुकड्यांची पिशवी घेऊन पोहोचलो. चहाचा कप बाजूला सारून त्यांनी सारे तुकडे क्रमांकाने लावले, कपाटातून व्हर्नियर मोजपट्टी काढली आणि एकेक मापू लागले.

"पहिला, रद्दी. चौथा, रद्दी. सातवा, उतार चुकला. बारावा... हं, इथे हात बसायला लागला. एकोणिसावा, आटे आले!" त्यांचा आवाज चढत गेला. आता मीही टेबलावर वाकलो होतो. "सव्वीस, ठीक. तीस, उत्तम. एकतीस..." ते उठूनच उभे राहिले. "साहेब, हा कोणाचा हात आहे?"

"एका विणकराचा."

"माझी पोरं दोन वर्षांत असा जॉब, असा तुकडा उतरवत नाहीत! अहो, हा परीक्षेचा तुकडा आहे. कामावर घेण्याआधी कंपन्या लेथवर हाच करून घेतात. आणि ही सळई बघा, भंगारातली जुनी, वरचा गंज तासून वापरलीय. नव्या लोखंडाला पैसा नसेल."

त्या एकतीस तुकड्यांत एका माणसाचे पाच-सहा महिने माझ्यासमोर क्रमाने मांडलेले होते, आणि मी त्यांत बंदुका पाहिल्या होत्या. मी घड्याळ पाहिले. सहा वाजून चाळीस मिनिटे.

जीप ठाण्यात येईपर्यंत सात वाजले. पाचही जणांना सोडल्याची नोंद केली, विणकराच्या हाती त्याचे कार्ड दिले आणि म्हणालो, "चला, बसा गाडीत. आठला मुलुंडला पोहोचवतो." तो माझ्याकडे पाहतच राहिला. टर्नर म्हणाला, "बस रे, बस! जॉब लावताना घाई नको करू, बाकी सगळी घाई कर." आणि स्वतःही मागे चढला.

जीप पवईच्या तलावाकडेने सुटली. मी ड्रायव्हरला "दाब, दाब" म्हणत होतो. आयुष्यात कुठल्या गुन्हेगारामागे मी इतक्या आवेगाने धावलो नसेन. कांजूरला हमरस्त्याला लागलो आणि मागून टर्नर फाटके मोजू लागला.

"ही रंगाची, बंद. ही काचेची, टाळेबंदी. ही औषधाची, निम्मे घरी बसवलेत."

प्रत्येक फाटकाबाहेर फाटक्या ताडपत्रीचा मांडव, त्यात पेंगणारी चार माणसे. विणकर तिकडे पाहत नव्हता. हवेत दोन्ही हातांनी अदृश्य चाके फिरवत होता.

"आमच्या चाळीस मागांत एक धागा तुटला तरी ह्याला कळायचं," टर्नर मला म्हणाला.

"तुमच्या नाय, माझ्या," विणकर पहिल्यांदाच हसला. "हे कधी गिरणीत गेले?"

"तेच रे. पातं घासतंय का हे मला दिसतं, ह्याला ऐकू येतं. ह्याचा कान माझ्या डोळ्यापेक्षा भारी."

त्या कानाखाली काल मी काय केले होते ते तिघांनाही ठाऊक होते. मी ड्रायव्हरला पुन्हा "दाब" म्हणालो.

आठाला सात मिनिटे असताना मुलुंडचा नाका आला. विणकर पुढे वाकून हळूच म्हणाला, "साहेब, आमका नाक्यावरच उतरवा."

"छे, छे! उशीर होईल. फाटकापर्यंत सोडतो."

"नाय, चालत जातो. दोन मिन्टांचा तर रस्ता."

"अहो, संकोच कसला!" मी म्हणालो. मला वाटले, तो भिडेपोटी बोलतो आहे. आणि खरे सांगायचे तर मला फाटकापर्यंत जायचेच होते. माझ्या चुकीची भरपाई मला पूर्ण आणि दिमाखात करायची होती.

पोलिसांची जीप करकचून फाटकाशी थांबली. पहारेकऱ्याने सलाम ठोकला. विणकर मागच्या बाजूने उतरला आणि मान खाली घालून आत गेला. एवढ्यावर मी परतायला हवे होते. मी गणवेशात, वर्कशॉपच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

तो यंत्राकडे डावा कान करून उभा होता. काल लेथवर त्याने उजवा कान लावलेला मी पाहिला होता. चाळीस मिनिटांत तुकडा उतरला. फोरमनने मापला, परत मापला आणि मोठ्याने म्हणाला, "वा! कुठे होतात इतके दिवस?" माझ्या छातीत काहीतरी उसळले. टर्नरने माझ्या दंडावर थाप मारली आणि लगेच हात मागे घेतला.

दहा मिनिटांनी कचेरीतल्या अधिकाऱ्याने मला आत बोलावले. "साहेब, हा माणूस तुमच्या गाडीतून कसा?"

मी उत्साहाने सारे सांगितले. गैरसमज, छापा, तुकडे, निदेशक. मी जितके बोलत गेलो तितका त्याचा चेहरा बंद होत गेला.

"म्हणजे गिरणीवाला. आणि टाळेबंद कंपनीत शिरून यंत्रं चालवत होता."

"अहो, शिकत होता! मी स्वतः चारित्र्याचा दाखला देतो."

"साहेब, कारागीर उत्तम आहे. पण पोलीस ज्याला सोडायला येतात तो माणूस मी मालकापुढे कसा उभा करू? तुम्हीच सांगा."

मी टोपी उचलून बाहेर पडलो.

फाटकाबाहेर विणकर कार्ड पुन्हा दुधाच्या पिशवीत गुंडाळत होता. मी माफी मागायला शब्द शोधू लागलो. तोच म्हणाला, "साहेब, मनाक लावून घेऊ नका. जॉब बरोबर उतरलो." मग थोडे थांबून, "एकच करा. टाळ्याचा काय लिवू नका."

टाळे मरोळच्या त्या बंद कंपनीच्या पहारेकऱ्याने उघडले होते. एव्हाना ते मी ओळखले होते. मालकाला यंत्रे विकायची असल्याने वीज चालू होती आणि किल्ली पहारेकऱ्याकडे. कीसही त्यानेच विकला असणार, चहापुरता. पाच बेकार माणसे रात्रभर ठाण्यात अडकूनही गप्प बसली होती ती सहाव्याची नोकरी वाचावी म्हणून. डायरीत मी 'संशयास्पद काही आढळले नाही' असे लिहिले. मालकाने तक्रार दिली नव्हती; प्रकरण मिटले.

परतीच्या प्रवासाला ते दोघे माझ्या जीपमध्ये बसले नाहीत.

पुढे पाच-सहा महिन्यांनी तपासाच्या निमित्ताने मी घाटकोपरला गेलो होतो. छोट्या छोट्या गाळ्यांची रांग. मला हवा असलेला गाळा सापडेना म्हणून एकात डोकावलो. दोन लेथ चालू होते. एकावर टर्नर, दुसऱ्यावर विणकर. गणवेशाची चाहूल लागताच त्याने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत मला जी भीती दिसली ती ठाण्यात मारतानाही दिसली नव्हती. मालक शेजारीच उभा होता.

"काय साहेब, काही काम?" मालकाने विचारले.

मला कितीतरी बोलायचे होते. हाक मारायची होती, विचारायचे होते, कान कसा आहे. मी मालकाकडेच पाहत राहिलो आणि म्हणालो, "नाही, पत्ता चुकला. पुढचा गाळा हवा होता."

वळता वळता यंत्राचा आवाज पुन्हा सुरू झाला, एकसारखा, न अडखळता. माझी जीप मी तिथे आणलीच नव्हती. ती नाक्यावर उभी होती.