शेवटच्या फ्रेमवरचा लाल दोरा

आधीच सांगून टाकते, माझा या पेजवरच्या असल्या भुताखेतांच्या गोष्टींवर विश्वास नव्हता. अजिबातच नव्हता, कारण माझं पोटच खोटं ते खरं दाखवण्यावर चालतं. मी सिनेमाच्या व्हीएफएक्समध्ये काम करते. आमच्या फॅमिली ग्रुपवर कोणी भुताचा व्हिडिओ टाकला की बाकीचे मला टॅग करतात आणि मी कोणत्या सेकंदाला जोड दिलाय, कुठे सावली टाकायची राहिली, ते सांगून सगळ्यांचा विरस करते. मावशी म्हणते, तू ग्रुपमध्ये आल्यापासून भुतं यायचीच बंद झाली. हवेत तरंगणाऱ्या एका हडळीच्या कमरेची वायर मी स्वतः पुसलेली आहे... सलग नऊ दिवस. तेव्हा हे लिहायला मला चार वेळा बसावं लागलं, हे समजून घ्या.

आमचं घर भंडाऱ्यात, बाजाराच्या मागच्या गल्लीत. पिढ्यान्‌पिढ्या कोसा रेशीम विणणारं घर. आई मूळची गोंदियाकडची. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा बाबा तिला चिडवायचे, की आता तू परजिल्ह्यातली झाली, माहेरी जाताना आम्हाला कागद दाखवत जा. असे माझे बाबा. बोलायचे कमी, पण जे बोलायचे त्यात आईला एक टोमणा हमखास असायचा, आणि तीही तो ऐकायला टपूनच बसलेली असायची.

लॉकडाऊनमध्ये हैदराबादच्या स्टुडिओनं सगळ्यांना घरी पाठवलं आणि मी वर्क फ्रॉम होम घेऊन भंडाऱ्याला आले. माजघरात, जिथे पूर्वी माग होता, तिथेच टेबल टाकलं. बाबांचे गुडघे गेले होते म्हणून माग विकला होता, पण नजर शाबूत होती. व्यापारी त्यांच्याकडे विणलेले तागे तपासायला पाठवायचे. दारात आडवा बांबू बांधून ते त्यावरून कापड हळूहळू ओढत, उजेडात पाहत, आणि जिथे दोष दिसेल तिथे त्या रेषेत डाव्या काठाला लाल दोऱ्याचा एक तुकडा बांधत. तोंडानं काही सांगायचं नाही, ही त्यांची पद्धत. ज्याचं काम त्याला दोरा दिसला की कळतं, चारचौघांत कशाला बोलायचं, म्हणायचे.

मी नेमकं काय करते हे त्यांना समजावायला मला आठवडा लागला. आमच्यात प्रत्येकाचं काम वेगळं. कॅमेरा कसा हलला ते शोधून काढणारे मॅचमूव्हवाले, वाघ-सिंह-राक्षस घडवणारे, त्यांना चालायला लावणारे ॲनिमेटर, आणि शेवटी सगळं एका चित्रात बेमालूम बसवणारे कॉम्पोझिटर. मी सगळ्यात खालच्या पायरीवर, रोटो आणि पेंटमध्ये. रोटो म्हणजे माणसाची कड फ्रेम-फ्रेमनं कापून वेगळी करायची, एका सेकंदाला चोवीस फ्रेम. पेंट म्हणजे चित्रात जे नको ते पुसायचं. हे सगळं बाबांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तुयं काम चांगलं झालं तं ते कोणाले दिसतच नाही?"

मी म्हटलं, हो, तसंच.

"मंग आपल्यासारखंच हाये," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या खुर्चीमागे स्टूल टाकून बसायला लागले.

खरं तर घरच्यांनासुद्धा स्क्रीन दाखवायची परवानगी नसते. कंपनी तसं लिहून घेते. पण बाबांना हिरो कोण, हिरॉइन कोण, कशाचंच सोयरसुतक नव्हतं. ते फक्त कडा पाहायचे. मी शॉट प्ले केला की मागून आवाज यायचा, "पाह्य, कानामागं थरथरून राहिलं." कड एका फ्रेमला इकडे, दुसऱ्या फ्रेमला तिकडे झाली की ती खदखदते, हा आमच्या कामातला सगळ्यात छळवादी दोष. दोन-दोन तास पाहूनही मला दिसायचा नाही, त्यांना एका नजरेत दिसायचा. स्क्रीनला दोरा बांधता येत नाही म्हणून बोलावं लागायचं, याचं मात्र त्यांना वाईट वाटायचं. आमचा लीड, ज्याला आम्ही सगळे अण्णा म्हणतो, एकदा मीटिंगमध्ये म्हणाला की घरी गेल्यापासून तुझं काम फार सुधारलंय. माझ्या मागे लुंगी नेसून एक चेकर बसतो, हे मी त्याला कसं सांगणार?

दोन वर्षं असं चाललं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली दोन वर्षं होती, हे तेव्हा कळलं नाही. दिवाळीनंतर एका सकाळी बाबा चहा मागून आडवे झाले आणि चहा येईपर्यंत गेले.

त्यानंतर माझं काम घसरलं. शॉट परत यायला लागले. दरम्यान स्टुडिओनं बहुतेकांना ऑफिसला परत बोलावलं होतं, आम्ही चार-पाचजणच घरून करत होतो. मग तो शॉट आला. घोड्यावरची मुलगी, मोकळे केस, वारा, घोड्याला बांधलेल्या दोन वायरी, एकशे बेचाळीस फ्रेम. दोनदा पाठवला, दोनदा परत आला. "कडा हलतात" एवढीच नोट. कोऑर्डिनेटर मुलीनं फोन करून गोड आवाजात सांगितलं, की शनिवारी पाचपर्यंत पाठवला नाही किंवा तो पुन्हा परत आला, तर एक तारखेपासून मला हैदराबादला हजर व्हावं लागेल.

बाबांना जाऊन दीड महिना झाला होता. आई रोज दुपारी बाहेरच्या खोलीत बसून गल्लीतल्या विणकरासाठी कांड्या भरायची, म्हणजे बाण्याचं सूत नळ्यांवर गुंडाळायची. घर सोडून कुठे येणार नाही म्हणत होती. मला जावं लागलं तर ती या घरात एकटी राहणार होती, आणि तसं तिला ठेवून जायची माझी तयारी नव्हती. नोकरी सोडायचीही सोय नव्हती. सगळं त्या एका शॉटवर येऊन थांबलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी सातवं व्हर्जन सेव्ह केलं आणि उठले. शनिवारी सकाळी अकराला उघडलं. प्ले केलं, तर चित्राच्या डाव्या कडेला काहीतरी लाल चमकून गेलं. पुन्हा चमकलं. मी थांबवून एकेक फ्रेम पुढे घेतली. एकोणीस नंबरच्या फ्रेमला, अगदी डाव्या काठाला, नखाएवढी लाल आडवी रेघ, तिची दोन टोकं मोकळी.

अण्णानंच काहीतरी खूण केली असणार, असं वाटून मी त्याला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, की मी अजून फाइल उघडलेलीच नाही, आणि माझ्या खुणा पिवळ्या आणि गोल असतात, तुला चांगलं माहीत आहे. तेही खरंच होतं. फाइल कोणी, कधी उघडली याची नोंद राहते. तिथे शुक्रवारी संध्याकाळी मी, आणि शनिवारी अकराला मी.

मग मी त्या रेघेच्या सरळ रेषेत उजवीकडे पाहत गेले. मुलीच्या कानामागची बट. कड खदखदत होती. काल मी ती जागा किमान तीस वेळा पाहिली होती, आईशपथ सांगते, आणि मला दिसली नव्हती.

घाबरले का? नाही. हातपाय गार पडणं वगैरे मी इथे इतरांच्या अनुभवांत वाचते, तसं काही झालं नाही. मला रडू आलं, आणि रडत-रडतच मी ती बट नीट केली. असा राग पण आला, की दीड महिना कुठे होता तुम्ही?

एकूण सहा रेघा निघाल्या. दुसरी घोड्याच्या आयाळीपाशी. तिसरी, चौथी जिथे वायर पुसली होती तिथे, मागचं आभाळ किंचित मळकं झालं होतं. पाचवी मुलीच्या कोपराशी. या पाचही रेघांच्या रेषेत दोष होता, आणि त्यातला एकही मला आधी दिसला नव्हता. पाचही नीट करेपर्यंत दुपारचे अडीच वाजले. जेवायलाही उठले नाही.

सहावी रेघ शेवटच्या फ्रेमला होती, काठाच्या बरोबर मध्यावर. त्या रेषेत नुसतं आभाळ होतं. मी ते मोठं करून पाहिलं, उजेड वाढवून पाहिलं, आधीच्या फ्रेमशी ताडून पाहिलं. काही नव्हतं. साडेतीन झाले. इतकं सांगितलंत, आता हे एक काहून नाही सांगत, असं मी मोठ्यानं म्हणाले असणार, कारण आई हातातली कांडी ठेवून आत आली.

मी तिला काही समजावलं नाही. फक्त म्हटलं, इथे दोष काय आहे ते सापडत नाहीये. तिनं चष्मा लावला, वाकली, त्या लाल रेघेकडे पाहत राहिली. म्हणजे तिलाही ती दिसली, हे लक्षात घ्या. ही खूण कोणाची, हे तिनं विचारलं नाही. बोट पुढे केलं आणि स्क्रीनला न लावताच मागे घेतलं.

"दोष नाही तो," ती म्हणाली. "सारं पाहून झालं का तुये बाबा तागा संपते तिथं एक दोरा बांधत होते. म्हणजे आता घेऊन जा, काही नाही राहिलं. घडी घालताना मीच कापत होती, म्हणून तुले माहीत नाही."

मला खरंच माहीत नव्हतं. घडी केलेला तागाच आमच्या हाती यायचा.

 आई माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "पाठव आता. पण दोरे काढून टाक आधी. गिऱ्हाइकाले दोरा दिसू नाही."

बरोबरच होतं ते. फ्रेमवर खुणा ठेवून शॉट जात नाही. आधीच्या पाच रेघा मी भराभरा पुसल्या. सहावीला एक मिनिटही पुरलं असतं, आभाळच तर होतं मागे. मी वीस मिनिटं लावली. सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कणाकणानं आभाळ भरत गेले. आई शेवटपर्यंत मागे उभी होती. स्टुलावर बसली नाही. पाचला दहा कमी असताना शॉट पाठवला. सोमवारी पास झाला, एकही नोट न येता. मी अजून भंडाऱ्यातच आहे, आई शेजारच्या खोलीत कांड्या भरतेय.

कमेंटमध्ये स्क्रीनशॉट मागू नका. काढायची परवानगी नसते, आणि सिनेमा संपल्यावर जुनी व्हर्जन सर्व्हरवरून उडवतात. पुरावा म्हणाल तर माझ्याकडे काहीच नाही.

बाहेरगावी असलेल्या कॉम्प्युटर इंजिनिअर भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, की दुःखात आणि टेन्शनमध्ये माणूस स्वतःच काहीबाही करतो आणि विसरतो. शुक्रवारी दमलेल्या डोळ्यांना ते दोष कुठेतरी दिसले असतील, हातानं खुणा केल्या असतील. मी मान्य करते. पाच रेघांपुरतं मान्य करते, खरंच. पण सहावीचा अर्थ मला माहीतच नव्हता. तो फक्त दोघांना माहीत होता, आणि त्यातली एक बाहेर कांड्या भरत बसली होती, जिला माउस धरता येत नाही.

 याचं उत्तर कोणाकडे असेल तर जरूर सांगा, मी भांडणार नाही. मला फक्त एवढंच कळतं, की बाबांनी माझं काम पूर्ण पाहिलं, त्यांना ते पसंत पडलं, आणि तो दोरा या वेळी माझ्या हातानं कापला गेला.