नीलाच्या गोधडीमागे बोईसरपर्यंत

तारापूरच्या बाजूला कापडासाठी कोणी जाणार असाल तर हे वाचून जा. माझी ही सहल ऐंशीच्या दशकातली, त्यामुळे रस्ते आणि भाव आता विसरा. बाकीचं उपयोगी पडेल.

मी गोधड्या शिवते. नाशिकला आमच्या गल्लीत कुणाकडे पाळणा हलायचा असला की जुनं लुगडं माझ्याकडे यायचं. माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत तेव्हा चाळीसेक लुगड्यांचे तुकडे होते, रंगवार घड्या घातलेले. सासूबाई पाहुण्यांना ती ट्रंक उघडून दाखवायच्या. मला वर्षातून चार वेळा तरी असं कौतुक लागायचंच, खोटं कशाला बोलू?

मग मंजूच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, डोहाळेजेवणाला माझी धाकटी जाऊ नीला बोईसरहून आली. दीर तिथल्या कारखान्यात लागले तेव्हा तिला गोधडीला टाका घालता येत नव्हता. मीच शिकवलेला. आणि आता तिने जी गोधडी उलगडली, ती पाहून बायका जेवायच्या ताटावरून उठल्या. हळदी, जांभळा, मोरपंखी, सगळं नवंकोरं. सासूबाई म्हणाल्या, "नीलाच्या हाताला काय गुण आलाय!" आणि मंजू, माझ्या पोटची पोर, म्हणाली, "काकू, माझ्या बाळाला अशीच हवी."

माझ्या हातातलं श्रीखंडाचं पातेलं तसंच राहिलं. जे वाटलं त्याला मत्सर म्हणतात, मला तेव्हाही माहीत होतं. बाळ पहिल्यांदा निजेल ते माझ्याच गोधडीवर, एवढं मी त्या क्षणी ठरवलं. नीला कापड कुठून आणते ते बघायला आठवड्याभरात बोईसरला निघाले. घरी सांगितलं, नीलाने फार बोलावलंय.

सकाळची एसटी धरली. त्र्यंबकपर्यंत डुलकी, मोखाड्यापुढे वळणंच वळणं. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या सीटवर बसावं आणि आवळासुपारी जवळ ठेवावी. जव्हारला गाडी वीस मिनिटं थांबली, तिथली गरम बटाटाभजी फार छान. विक्रमगडला डोक्यावर भाताच्या पेंढ्याचे भारे घेतलेल्या बायका रस्त्याकडेने चालल्या होत्या. एकीच्या खांद्यावरच्या फडक्याला लाल आणि काळी अशी सुंदर चौकट होती. मी खिडकीतून मान वळवून बघत राहिले. मनोरवरून पालघरला पोचेपर्यंत दुपार झाली. वेळ असेल तर तिथून सातपाटीला जाऊन यावं, कोळणींकडून पापलेट घ्यावं. मला वेळ नव्हता, मी बोईसरची गाडी पकडली.

नीला स्टँडवर उभी होती. दोन खोल्यांचं क्वार्टर, खिडकीबाहेर कारखान्यांचा वास, आणि आत दोरीवर तुकडेच तुकडे. रात्री तिने बोंबील तळले, तांदळाची भाकरी केली. उत्तम होतं सगळं. मी म्हणाले, मीठ जरा जास्त झालंय.

मला वाटलं होतं कापडाचा ठिकाणा काढायला दोन दिवस जातील. तर दुसऱ्या सकाळी चहा पितानाच ती म्हणाली, "ताई, चला, गोदामात जाऊ." एवढ्या सहज सांगितल्याचा मला रागच आला.

बेटेगावच्या रस्त्याला पत्र्याची शेड होती. आत गिरण्यांतून नाकारलेल्या कापडाचे तुकडे, छातीएवढे ढीग, किलोवर विकायला. अशा ठिकाणी जाताना जुनी साडी नेसा, धाग्यांचा बुरा अंगभर बसतो. शेडवाल्या भय्याने नीलाला पाहिलं आणि आतून एक वेगळं गाठोडं आणलं.

"भाभी, आपका अलग रखा है. बढ़िया माल है, एक्स्पोर्ट का."

मी गल्लीची गोधडीवाली, आणि माझ्यासाठी कुणी कधी चिंधीसुद्धा बाजूला ठेवली नव्हती! मी पदर खोचला आणि ढिगात शिरले. तासाभराने हाताला लागलं ते अजून डोळ्यांपुढे आहे: गडद लाल मलमल, तिच्यावर मोहरीएवढी पांढरी फुलं. पिशवीभर घेतली. पापलेटच्या एका जोडीपेक्षा स्वस्त पडली.

नीला पिशवीत हात घालून म्हणाली, "ताई, सुंदर आहे. पण हा लाल फार कच्चा असतो. उद्या इथल्या किनाऱ्यावरच्या नवापूरला हिराआयकडे देऊ, ती मिठाच्या पाण्यात ठेवते."

तिसऱ्या दिवशी टमटमने नवापूरला गेलो. समुद्र ओहोटीला लागलेला, किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले. आणि एका मांडवावर, बोंबलांच्या शेजारी, ओळीने कापडाचे तुकडे! हिराआय ही साठीची कोळीण. सुकट घालायच्या पिंपांतलं एक पिंप तिने कापडासाठी ठेवलं होतं. नीलाचे सगळे तुकडे त्यातून निघत, आठ दिवस खाऱ्या पाण्यात, मग दोनदा गोड्या पाण्यात. हिराआयने माझी मलमल ओल्या बोटांनी चोळली. बोटं लाल झाली.

"बाय, नवा कपडा रडतो," ती म्हणाली. "त्याला पयला रडू द्यावा, मंग शिवावा. आठ दिस ठेव हितं. तुजा जुना लुगडा कदी रडनार नाय, तो रडून बसलेला हाय."

"माझ्याकडे ठेवून जा ताई," नीला म्हणाली. "आठ दिवसांनी हे नाशिकला येणारच आहेत, त्यांच्याबरोबर पाठवते."

मंजूला नववा लागला होता. आठ दिवस इथे, मग शिवायला पंधरा दिवस. मी मनात हिशेब केला आणि मला सगळं लख्ख दिसलं: हिला मला उशीर करायचाय. माझं कापड पिंपात कुजत पडणार आणि ही स्वतःची गोधडी घेऊन बारशाला ठुमकत येणार. शिवाय बाळाच्या अंगाला सुकटीचा वास? मी म्हणाले, "आमच्याकडे नळाला पाणी आहे, बघेन घरी." आणि पिशवी काखेत मारून परत आले. नीलाने वाटेला चिकू दिले. जव्हारपर्यंत मी एकटीने संपवले.

घरी मी तो तुकडा नळाखालीसुद्धा धरला नाही. धुतला तर चमक जाईल आणि नीलाच्या कापडापुढे फिका पडेल, अशी भीती. मधोमध लाल मलमल, कडेने माझ्या लुगड्यांची नक्षी, टाके असे बारीक की सासूबाईंनी चष्मा पुसून पाहिले.

बारशाला नीला आली, हातात फक्त एक पांढरं झबलं. "गोधडी?" मी विचारलं. "तुम्ही शिवताय ना ताई, मग मी कशाला?" ती म्हणाली. मला आनंद व्हायला हवा होता.

झबलं नातीच्या अंगात घातलं, पाळण्यात माझी गोधडी अंथरली. नाव ठेवून झालं, पेढे वाटले, आणि नात रडायला लागली. मंजूने उचललं तर झबल्याची पाठ लाल. सासूबाई किंचाळल्या, "अगं बाई, रक्त!" पाळणा ओला होता आणि माझ्या मलमलीचा रंग चादरीपर्यंत उतरला होता. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

नीला पुढे आली. "रक्त नाही, रंग आहे," ती म्हणाली. "सासूबाई, चूक माझी. हे कापड आधी मिठाच्या पाण्यात ठेवायचं असतं. ते मी ताईंना सांगायलाच विसरले."

सासूबाई तिला बोलल्या. खूप बोलल्या. मंजूसुद्धा म्हणाली, "काकू, असं कसं विसरलीस?" नीलाने मान खाली घातली आणि बाळाची पाठ पुसायला घेतली. मी ट्रंकेतली जुन्या लुगड्याची गोधडी आणायला आत गेले आणि हवा त्यापेक्षा बराच वेळ आत राहिले.

त्यानंतर नवापूरला मी अनेकदा गेले. नीलाचे टाके अजून माझ्याइतके बारीक नाहीत, आणि मला अजूनही तिचा हेवा वाटतो. त्या दिवशी तिच्या जागी मी असते तर मी काय केलं असतं, ते मला नीट माहीत आहे. ती लाल गोधडी ट्रंकेच्या तळाशी आहे. मी ती कुणाला दाखवत नाही.

मंजू, तू माझा ब्लॉग वाचतेस असं म्हणतेस, म्हणून इथेच लिहिते. काकू विसरली नव्हती. तिने मला दोनदा सांगितलं होतं.