न भरलेला चुडा

रहिमतबी पौडच्या बाजारात बांगड्या विकायची, हे खरं, पण अर्धंच. बांगड्या कुणीही विकतं. रहिमतबी बायकांचे हात धरायची. आमच्या माले गावात ती दर आठवड्याला यायची. डोक्यावर टोपली, गालात पान आणि बोलण्यात कुणाची भीडभाड नाही. आमच्या ओसरीवर बसली की आळीतल्या बायका हातातली कामं टाकून तिच्याभोवती जमायच्या.

बांगडी भरायच्या आधी ती हात नुसता धरून ठेवायची. उलटा करायची, सुलटा करायची, बोटांच्या बेचक्यांत बघायची आणि मग कानउघाडणी सुरू. "ही खरूज हाय गं बये. खाजवून काय व्हतंय? गंधक घाल खोबऱ्याच्या तेलात आन् घरात समद्यांस्नी लाव, तुला एकटीला लावून काय उपेग न्हाई." भातलावणीच्या दिवसांत चिखलात राहून पायांची बोटं कुजायची, त्यावर लावायला ती मेंदी वाटून आणायची. भेगांना कोकमाचं तेल. याचे पैसे ती घ्यायची नाही, पण पुढच्या खेपेला तेल लावलं नाही असं दिसलं, तर चारचौघीत असं बोलायची की लाज वाटावी.

बांगड्या भरून झाल्या की भरणारीला वाकून नमस्कार करायचा, हा आमच्याकडचा रिवाज. मग ती कासाराची असो नाहीतर मुसलमानाची. रहिमतबी पाय आखडून घ्यायची. "माझ्या पाया पडू नगा, आपल्या पायांस्नी तेल लावा," म्हणायची. मला ती फार आवडायची. तिच्याइतकं खडूस आणि मायाळू माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आता माझ्या धाकट्या बहिणीचं सांगते. लीला तिचं नाव. आई, म्हणजे सगुणाबाई, तिचं कौतुक करताना थकायची नाही. लीला चुलीतले इंगळ डाव्या हाताच्या कडेनं मागं सारायची. उकळता टोप फडक्याशिवाय त्याच हातानं उतरवायची. हूं नाही की चूं नाही. मला भाकरी भाजताना चटका बसून मी ओरडले की आई म्हणायची, "लीलाकडं बघ जरा. अशी सोशीक पायजे पोरगी." मी मनातल्या मनात लीलाच्या नावानं बोटं मोडायची. कोळवणकडचे हैबतराव मुलासाठी मुलगी बघायला आले, तेव्हा लीलानं त्यांच्या समोरच कढत दुधाचं भांडं नुसत्या डाव्या हातानं उतरवलं. त्यांच्या घरच्या बायकांनी तिथंच एकमेकींकडे बघून मान हलवली. लग्न ठरलं ते असं.

पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी सासरहून लग्नासाठी आले होते. हळदीच्या आदल्या दुपारी रहिमतबी हिरवा चुडा घेऊन आली. ओसरी बायकांनी भरली होती, लीला मध्ये बसून मैत्रिणींशी हसत होती. डाव्या हातात बांगडी चढवताना एक बांगडी तडकली आणि काच तिच्या मनगटाच्या वर घुसली. "वाढली, वाढली," बायका म्हणाल्या, कारण नवरीची बांगडी फुटली असं म्हणत नाहीत. रक्त आलं. लीला मैत्रिणीशी बोलतच होती.

रहिमतबीचा हात थांबला. तिनं काच काढली, मग अंगठ्याच्या नखानं तिथंच जोरात दाबलं. लीलानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. माझं लक्ष होतं म्हणून मला दिसलं. रहिमतबीनं उरलेल्या बांगड्या टोपलीत ठेवल्या आणि मोठ्यानं म्हणाली, "माझं माप चुकलं. ह्या बांगड्या हिच्या हाताच्या न्हाईत. आज चुडा भरायचा न्हाई." नवरीचा चुडा अर्ध्यावर सोडून उठणं म्हणजे केवढा अपशकुन! आईचा चेहरा लालबुंद झाला.

रहिमतबीनं आईला आणि लीलाला गोठ्यात नेलं. मीही मागोमाग गेले. लीलाच्या डाव्या हातावर कोपराखालपासून करंगळीपर्यंत एक फिकट चट्टा होता. आम्ही त्याला शिबं, म्हणजे घामानं उठणारा साधा डाग, समजायचो. आई त्यावर मुळ्याचं बी ताकात वाटून लावायची.

"लीला, डोळं मीट. मी कुटं हात लावते ते सांग," रहिमतबी म्हणाली.

दंडाला बोट लावलं. लीला म्हणाली, "दंडाला." गालाला लावलं. "गालाला." मग चट्ट्याला लावलं. लीला गप्प. परत लावलं. गप्प.

"चाळं करतीया पोरगी," आई म्हणाली आणि रहिमतबीला बाजूला सारून पुढं झाली. तिनं आपला अख्खा तळहात त्या चट्ट्यावर ठेवला आणि मायेनं खालीवर फिरवला. लहानपणी निजवताना फिरवायची तसा.

लीला डोळे मिटून शहाण्यासारखी उभी होती. थोड्या वेळानं म्हणाली, "आये, लाव की हात. कवाची वाट बगतीया मी."

आईचा हात तिथंच होता. इतकी वर्षं आम्ही जिला सोशीक म्हणून डोक्यावर घेतलं, तिला सोसायला काही लागतच नव्हतं. चटके तिला बसत होते, कळत मात्र नव्हते. मला इतकं रडू आलं की तोंडात पदर कोंबावा लागला, कारण बाहेर बायका बसल्या होत्या.

आई रडली नाही, ती रहिमतबीच्या अंगावर धावून गेली. "तूच कायतरी केलंस. माझ्या लेकीचं लगीन मोडायला आलीस. चालती हो हितनं."

रहिमतबी हलली नाही. "माझ्या आईचा हात आसाच व्हता," ती म्हणाली. "चुलीत जळला तरी कळायचं न्हाई. महारोग म्हनून तिला गावाभाईर झोपडीत ठिवली. मी भाकरी न्यायची ती लांब दगडावर ठिवायची. जवळ जाऊ नगं म्हनून आमाला सांगितलं व्हतं. मरंपतुर कुनी तिच्या अंगाला हात लावला न्हाई. तवा दवा नव्हती, सगुणाबाई. आता हाय. पुन्याला गोळ्या देत्यात. बोटं वाकडी व्हायच्या आत चला, पाया पडते तुमच्या." आणि जिला आम्ही वाकायचो, ती खरंच आईपुढं वाकली.

आईनं पाय आखडून घेतले. मग एवढंच म्हणाली, "बाहेर काय सांगू?"

"कांजिण्या आल्यात म्हना, देवीचा फेरा. दाराला लिंबाचा डहाळा लावा, कुनी आत याचं न्हाई."

"देवीचं नाव घिऊन खोटं बोलू?"

"देवीला राग आला तर माझं नाव सांगा. मी बगून घीन."

दाराला कडुलिंब लागला आणि बायका भराभरा पांगल्या. लग्न पुढं ढकललं गेलं. पण हैबतरावांना खोटं सांगायला रहिमतबी तयार नव्हती. पोरगी ज्या घरात द्यायची, त्या घराला फसवायचं नाही, असं तिनं वडिलांना बजावलं. वडील स्वतः कोळवणला जाऊन खरं काय ते सांगून आले. लग्न मोडलं. हैबतरावांना मी दोष देत नाही. त्यांनी ही गोष्ट गावात कुणापाशी काढली नाही, याबद्दल मी त्यांना जन्मभर मानत आले.

मग लीला रहिमतबीबरोबर एस.टी.नं पुण्याला जाऊ लागली. लोकांना सांगायचं, बांगड्यांचा माल आणायला मदतीला जाते. दवाखान्यातून पांढऱ्या गोळ्या मिळायच्या आणि त्या कित्येक वर्षं घ्यायच्या होत्या. लीला कधी कंटाळायची, कधी म्हणायची, मला मरू द्या. रहिमतबी तिला पौडला आपल्या घरी घेऊन बसायची, तिचा हात पाण्यात भिजवायची, तेल चोळायची, बोटं एकेक करून सरळ ओढायची. "हाताला कळत न्हाई तर डोळ्यांस्नी विचार," म्हणायची. झोपायच्या आधी कुठं भाजलंय, कुठं कापलंय ते बघायचं. फडक्याशिवाय चुलीवरचं काही उचलायचं नाही. आई रहिमतबीसाठी तांदळाची पायली भरून ठेवायची.

गोळ्या बंद झाल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोग गेला. चट्ट्याची जाण मात्र परत येईलच असं नाही. ती आली नाही. पण लीलाची दहाही बोटं सरळ राहिली. तिला नंतर घोटवड्याचा बहिरू नावाचा गवंडी मिळाला, अगदी साधा माणूस. वडिलांनी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरी झाली न्हवं? मग झालं."

लीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. पण ती त्याला जवळ घेईना. आई बाळाला तिच्या छातीशी धरायची, पाजून झालं की लीला म्हणायची, "घी त्याला." डॉक्टरांनी शंभरदा सांगितलं होतं की आता कुणाला काही होत नाही. तिला ते पटत होतं, पण हात पुढं होत नव्हता. बाळ रडायचं आणि ती भिंतीकडे तोंड करून पडायची. आम्ही समजावून थकलो. मी तर चिडलेसुद्धा.

शेवटी आईनंच पौडला निरोप धाडला. रहिमतबी आता थकली होती, डोक्यावर टोपली घेत नव्हती. आईनं तिचा हात धरून तिला बाळंतिणीच्या खोलीत नेलं. आमच्या घरात तोवर ती ओसरी आणि गोठा यांच्या पुढं कधी आली नव्हती.

रहिमतबीनं बाळाला उचललं आणि लीलाच्या डाव्या हातावर आडवं ठेवलं, बरोबर चट्ट्यावर.

"नगं मावशी," लीला रडायला लागली. "त्याला कायतरी व्हईल. आन् मला त्या हाताला कळत बी न्हाई. माझं लेकरू हातावर हाय का न्हाई ते बी कळत न्हाई."

"तुला न्हाई कळत," रहिमतबी म्हणाली, "त्याला कळतंय की गं."

बाळ गप्प झालं होतं. लीलानं दुसरा हात पुढं केला आणि त्याला घट्ट धरलं.