वरची फळी
राहात्याच्या आमच्या बियाण्यांच्या गोदामातल्या रॅकना परवा ऑइलपेंट दिला, आणि त्या वासाने ते रॅक नवे होते तेव्हाची एक दुपार आठवली. शेजारची जागा मिळेना, म्हणून शेठनी तेव्हा थेट पत्र्यापर्यंत लोखंडी रॅक उभे केले होते. माल दुप्पट मावू लागला, पण आम्ही बायका तेवढ्याच राहिलो. मे महिना होता. माझ्यासोबत काम करणारी मावशी खोकं घेऊन शिडीने वरच्या फळीवर गेली आणि तिथेच बसली. "मावशी, चक्कर आली का?" मी खालून विचारलं. "न्हाई गं. खाली आले की परत चढावं लागंल. जरा बसू दे." शेठ ओरडले, तरी ती हलली नाही. मग मीच वर गेले. पत्रा इतका तापला होता की श्वास घेववत नव्हता. मी शेजारी टेकले, तसा तिने घामेजलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. खाली शेठ शिडी धरून उभे राहिले. दिवाळीआधी मावशीने काम सोडलं आणि वर चढायचं काम माझ्याकडे आलं. आता मी तिच्या वयाला आले आहे, आणि वरची फळी अजून माझ्याकडेच आहे.