टेंबलाईचं पाणी मी बदललं

टेंबलाई देवीला वाहायला निघालेलं नवं पाणी मी वाटेत ओतून दिलं आणि घागर आडाच्या पाण्यानं भरून ठेवली.

हे मी पूर्ण शुद्धीवर असताना केलं. पाय घसरला नव्हता, कुणी धक्का दिला नव्हता. उलट, करताना मला स्वतःचं बरंच कौतुक वाटत होतं.

कोकणातून कोल्हापुरात येऊन मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. महाराजांनी शाळा काढायचा सपाटा लावला होता, त्या सपाट्यात माझ्यासारख्यालाही मास्तरकी मिळून गेली. नदीकडच्या एका गल्लीत, एका मावशींच्या माडीवर मी राहत होतो. मावशींना दोन म्हशी, एक मुलगी आणि असा आवाज की त्यांनी दारातून हाक दिली की म्हशी नदीतून उठून घरी यायच्या. मीही यायचो.

गल्लीत सगळे मला 'पावणं' म्हणत. "काय पावणं, जेवलासा का?" "पावणं, बाजूला व्हा, म्हस येतीया." बोलणं मायेचंच, पण पाहुणा म्हणजे कधीतरी उठून जाणारा माणूस, आणि मला तर जायचं नव्हतं. म्हणून गल्लीत मिसळायचा मी कसून प्रयत्न करत होतो. माझी रीत अशी, की संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसायचं आणि "आमच्या कोकणात" अशी सुरुवात करायची. आमच्या कोकणात विहिरीचा तळ दिसतो. आमच्या कोकणात रस्सा खाऊन कान तापत नाहीत. थोड्याच वेळात कट्ट्यावर मी एकटा उरायचो. तालमीचे वस्ताद एकदा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मग हितं कशाला आलासा?" दुसऱ्या संध्याकाळी मी पुन्हा कट्ट्यावर हजर.

आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं. ते पाणी घागरींत भरून, वाजतगाजत गावाच्या दुसऱ्या अंगाला टेंबलाईच्या टेकडीवर न्यायचं आणि देवळाच्या पायऱ्यांवर ओतायचं, ही इथली जत्रा. प्रत्येक गल्ली आपलं पाणी नेते. घागरी लग्न न झालेल्या मुलींच्या डोक्यावर. त्या साली आमच्या गल्लीची पहिली घागर मावशींच्या मुलीकडे आली होती. तिचं लग्न ठरलं होतं, दिवाळीनंतरचा मुहूर्त. म्हणजे हा मान पहिला आणि शेवटचाही. पोरगी कितीतरी दिवस परसात रिकामी घागर डोक्यावर घेऊन, हात सोडून चालत होती. म्हशी मान वळवून बघत राहायच्या.

वस्ताद मला म्हणाले, "पावणं, चला की तुमी बी. निस्तं चालायचं, बाकी कायबी करायचं न्हाय."

एवढंच काम होतं.

नदीवरून निघालो. पुढं सनई आणि ढोल. त्यांचा मिळून एकच ठेका ऐकू येतो, पी-ढबाक, पी-ढबाक, आणि काही पावलांतच आपले पाय आपले राहत नाहीत. गावाबाहेर पडताना एका आडाजवळ सगळे टेकले. पोरीची वेणी सुटली होती. तिनं घागर माझ्या हातात दिली. "पावणं, जरा धरा की. खाली ठिऊ नगासा." आणि ती मैत्रिणींकडे पळाली.

मी घागरीच्या तोंडावर लावलेला लिंबाचा पाला बाजूला करून आत डोकावलो. तांबडं, गढूळ पाणी. वर दोन काड्या तरंगतायत. त्याच आठवड्यात मी वर्गात पटकीचा धडा शिकवला होता: गढूळ पाणी हे रोगाचं घर. आणि हे देवीला? शेजारी आड, आडावर पोहरा, कुणाचं लक्ष नाही. मी घागर ओतली, आतून चांगली खळखळून धुतली, भरली, पाला होता तसा लावला. पोरगी आली, घागर डोक्यावर घेऊन चालू लागली.

टेकडीच्या पायथ्याशी मला राहवेना. शाबासकी कुणीतरी द्यायलाच हवी होती. मी मावशींना सगळं सांगितलं.

आधी पी थांबलं. मग ढबाक.

"काय वतलंस?" मावशी म्हणाल्या. तोवर त्या मला 'तुमी' म्हणत असत.

पोरीनं घागर उतरवून आत बघितलं. "आई," ती म्हणाली, "ह्यात माझं त्वांड दिसतंय." आणि रडायलाच लागली.

"आरं मास्तरा," मावशींचा आवाज टेकडीवर आपटून परत आला, "पार राधानगरीपास्नं रानारानातली माती घिऊन आलंय ते पाणी, म्हणून तर ते नवं! आडातलं काय, बारा म्हैनं हितंच बसल्यालं!"

मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तरनं पाणी धुतलं!" हसण्याची एक लाट आली. एक जण म्हणाला, असू दे, वता हेच, कुणाला कळतंय? पोरगी मान हलवत राहिली. "मी न्हाय हे व्हाणार."

मी म्हणालो, घागर द्या, मी पळत जाऊन नदीवरून भरून आणतो.

"तुमी? एकलं?" वस्ताद म्हणाले. "आन् नदीच धुऊन आणशीला. फिरा रं माघारी समदी!"

आणि अख्खी गल्ली माघारी फिरली. म्हाताऱ्या, पोरं, वाजंत्री, सगळी. वरून पाऊस, खाली चिखल. समोरून दुसऱ्या गल्ल्यांचं पाणी येत होतं. एका पेठेचे पैलवान ओरडले, "काय वस्ताद, देवीनं हाकलून दिलं का काय?"

मी छत्रीत तोंड लपवलं. आता माझ्याकडे बोट होणार, आणि व्हायलाच हवं होतं.

"घागर हिंदकळली!" वस्ताद तितक्याच जोरात म्हणाले. "आमच्या गल्लीचं पाणी काठोकाठ जातंय! आर्धं चालतंय त्ये तुमचं!"

नदीपर्यंत हा प्रश्न पुन्हा पुन्हा आला आणि दर वेळी हेच उत्तर. एकानंही माझं नाव घेतलं नाही. आपापसांत मात्र माझी सालटी काढणं एकसारखं चालू होतं. घरात वाट्टेल तितकं सोलायचं आणि बाहेरच्यासमोर ओठ शिवायचे, हे मी भावाभावांत पाहिलं होतं. महिन्याच्या भाड्यानं राहणाऱ्या माणसासाठी कुणी करताना पाहिलं नव्हतं.

वस्तादांनी कमरेएवढ्या पाण्यात शिरून घागर भरली. मावशींनी ती माझ्या नाकापुढं धरली. "बघ. हाय का पुरेसं घाण?" मी हो म्हणालो. पोरगी घागर घेऊन निघाली ती माझ्यापासून चार हात लांबून, आणि टेकडीपर्यंत तिनं ती कुणाला धरायला दिली नाही.

पायऱ्यांवर ते तांबडं पाणी ओतलं तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. माझ्या आडाच्या पाण्यात असा चेहरा दिसलाच नसता.

त्या रात्री गल्लीत पंगत बसली. मी गुन्हेगारासारखा अगदी टोकाला जाऊन बसलो. वस्ताद वाढता वाढता थांबले आणि ओरडले, "आमचा मास्तर कुठं हाय?" रस्सा नेहमीसारखाच जाळत होता. डोळ्यांत आलेलं पाणी त्याच्यावर ढकलायची सोय झाली.

तेव्हापासून कट्ट्यावर माझं "आमच्या कोकणात" बंद झालं. हल्ली कोकणात गेलो की "आमच्या कोल्हापुरात" अशी सुरुवात करतो, आणि तिथली माणसं उठून जातात.

दिवाळीनंतर लग्न झालं. मांडवात मावशी नव्या जावयाला घेऊन माझ्याकडे आल्या. मी पागोटं सावरून, छाती काढून उभा राहिलो.

"जावईबापू, ह्ये आमचं मास्तर," मावशी साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "लई शिकल्यालं हाईत. कायबी इचारा, समदं सांगत्यात. भरल्याली घागर तेवढी ह्यांच्या हातात दिऊ नगासा."