ती आईकडे गेली का?

नेदरलँड्समध्ये, ग्रोनिंगनला आमच्या इतिहासाच्या पीएच.डी. गटात एक छळवादी पद्धत आहे. ज्याच्या प्रबंधातल्या प्रकरणावर चर्चा, त्याने तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी मनसोक्त चिरफाड करायची आणि लिहिणाऱ्याने मुकाट ऐकायची. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ही शिक्षाच.

माझं प्रकरण अमेरिकेतल्या जुन्या वर्तमानपत्रांमधल्या जाहिरातींवर होतं. गुलाम पळाला की मालक त्याचं वर्णन छापायचा आणि पकडून देणाऱ्याला बक्षीस लावायचा. न्यूयॉर्ककडच्या अशाच एका जाहिरातीत एक तरुण बाई मला भेटली. तिथे जुनी डच वस्ती होती, त्यामुळे ती डच उत्तम बोलायची. मी इथे राहून अजून डचशी झटापट करतेय आणि ही तिकडे फाडफाड बोलत होती! मी तिच्या प्रेमातच पडले. ती बहुधा नदीपलीकडे आईकडे गेली असावी, असंही मालकाने छापलं होतं. मी प्रकरणाच्या शेवटी लिहिलं, 'ती आईकडे गेली.' खरं सांगायचं तर त्या एका वाक्यासाठीच मी अख्खं प्रकरण लिहिलं होतं.

"एव्हिडन्स काय?" एका डच सहकाऱ्याने विचारलं. "आईकडे गेली हे मालक म्हणतो. तोसुद्धा 'बहुधा' म्हणतो. हिचं 'बहुधा' कुठे गेलं?"

"पण तिची आई कुठे राहते हे त्याला माहीत असणारच ना," दुसरी सहकारी म्हणाली. "त्याचे शब्द सोडले तर आपल्याकडे दुसरं आहे काय?"

दोघांची चांगलीच जुंपली. मला त्या 'एव्हिडन्स'वाल्याचा मनस्वी राग आला. या माणसाला काळीज आहे की नाही?

शेवटी मला बोलायची परवानगी मिळाली. माझ्या गाइडबाईंना इथल्या रीतीप्रमाणे नावाने हाक मारायला माझी जीभ अजून रेटत नाही, म्हणून नुसतंच त्यांच्याकडे बघून म्हणाले, "मला ती सापडायला हवी आहे."

"मालकालाही तेच हवं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या.

आईचा ठिकाणा त्याने छापला होता तो पकडणाऱ्यांसाठी, आणि मी तिला नेमकी तिथेच नेऊन उभी करत होते.

घरी येऊन ते वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं, ती कुठे गेली हे आपल्याला माहीत नाही. लिहिताना फार वाईट वाटलं. मग वाटलं, कदाचित मालकालाही ते कधीच कळलं नसेल.